नव्या पायताणांचा वास जाईना? वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

जूनच्या पत्रांत एरवी वह्यांची कव्हरं, डबा आणि न वाळणारे कपडे असतात. यंदा नव्या बुटा-चपलांच्या वासाबद्दल इतकी पत्रं आली, की हे पान त्यालाच द्यायचं ठरवलं. या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे. साताऱ्यात मोती चौकाजवळ आमचं पायताणांचं दुकान होतं. ह्यांच्याबरोबर मी त्या गल्ल्यावर एकोणतीस वर्षं बसले. माहेर कराडकडचं, वडील कोल्हापुरी चपला शिवायचे. लहानपण कातड्याच्या वासात गेलं आणि संसार बुटांच्या खोक्यांत. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेते.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. शाळा सुरू व्हायच्या आठ दिवस आधी काळे बूट घेतले. खोकं उघडलं तेव्हापासून पेट्रोलसारखा उग्र वास येतोय. खायचा सोडा भुरभुरवला, अत्तराचा बोळा ठेवला, कोणी सांगितलं म्हणून रात्रभर फ्रीजरमध्येही ठेवले. वास तसाच. मुलगी म्हणते डोकं दुखतं, घालणारच नाही. बूट टाकून द्यायचे का?
— एक आई, शाहूपुरी, सातारा

उत्तर : टाकू नका, आणि मुलीला रागावूही नका. डोकं दुखतं असं ती म्हणते ते खरं आहे.

तुमचं पत्र वाचून मला १९९८ चा जून आठवला. शाळा उघडायच्या तोंडावर एका घाऊक व्यापाऱ्याकडून शाळेच्या बुटांचा मोठा माल आला होता. प्रत्येक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, वर खोकं. पहिलं खोकं उघडलं आणि नाकात झिणझिण्या आल्या. पण दुकानात गर्दी होती, माल परत करायला वेळ नव्हता. मी बुटांत पावडर टाकली, वरून थोडं अत्तर मारलं आणि विकले. चार दिवसांनी एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी रोज कोरेगावहून एस.टी.ने यायची. पावसामुळे गाडीच्या काचा बंद, त्यात पायातून तो वास. दोनदा उलटी झाली होती. बाई भांडल्या नाहीत. बूट काउंटरवर ठेवून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही वास घेऊन बघितला होता का हो?" घेतला होता. म्हणून त्या दिवशी मला त्यांच्याकडे वर बघवलं नाही.

पैसे परत केले आणि संध्याकाळी ह्यांनी रापीने, म्हणजे कातडं कापायच्या पात्याने, त्या बुटाचा सुखतळा उचलला. खाली चिकटवायचं सोल्युशन अजून ओलं होतं. फणसाचा चीक ओढावा तशा त्याच्या पिवळट तारा सुखतळ्याबरोबर वर आल्या. आत कोंडलेला वास खोलीभर झाला. कारण तिथेच समजलं. बुटाचा तळ आणि वरचा भाग ज्या सोल्युशनने चिकटवतात, त्यात रबर किंवा पॉलियुरेथेन पातळ करण्यासाठी टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, हेक्झेन अशी उडून जाणारी द्रव्यं असतात. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मगच दाबायचं, ही खरी पद्धत. घाईत ओल्यावरच दाबलं, की ती द्रव्यं दोन थरांच्या मधे अडकतात. वर लगेच प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर त्यांना बाहेर पडायला जागाच राहत नाही. तुम्ही खोकं उघडता तेव्हा कोंडलेलं सगळं एकदम नाकावर येतं.

आता तुमचे तीन उपाय का फसले ते सांगते, म्हणजे पुढचा उपाय पटेल. खायचा सोडा आंबट वासावर चालतो. घामाच्या वासात आम्ल असतं, सोडा ते मारतो. सोल्युशनच्या वासाशी त्याचं काही देणंघेणं नाही. अत्तराने एका वासाचे दोन वास होतात आणि डोकं जास्त चढतं. फ्रीजर तर उलटंच काम करतो. थंडीत कपडे लवकर वाळतात का? तसंच हे. द्रव्य उडून जायला ऊब आणि वारा लागतो. थंडीत ते जागच्या जागी बसून राहतं.

तेव्हा असं करा. बुटांची नाडी पूर्ण काढा. सुखतळा निघत असेल तर काढून वेगळा ठेवा. बहुतेक बुटांत तो टाचेकडून बोटाने उचलता येतो, जोर लावून फाडू नका. जीभ पुढे ओढून बूट जितका उघडेल तितका उघडा. मग एकदा नाकाने तपासा. सुखतळ्याचा वेगळा वास घ्या, आतल्या तळाचा वेगळा, बाहेरच्या सोलचा वेगळा. आतला तळ सगळ्यात उग्र असेल तर सोल्युशनच आहे. बूट आडवे करून, तोंड वाऱ्याकडे करून, पंख्याखाली ठेवा. खिडकी उघडी हवी, नाहीतर वास बुटातून निघून घरात फिरत राहील. मुलं झोपतात त्या खोलीत ठेवू नका. आत कागदाचे बोळे कोंबू नका. कागद ओल शोषायला चांगला, पण इथे तो वाऱ्याची वाट अडवतो. असे सलग तीन-चार दिवस ठेवा. साताऱ्यात जूनमध्ये हवा दमट असते, तेव्हा पाच-सहा दिवस धरा.

हेअर ड्रायर लावू का, असं पुढच्या पत्रात विचाराल. कोमट वारा, हातभर अंतरावरून, पाच मिनिटं, एवढं चालेल. कडक गरम वाऱ्याने सोल्युशन सैल होतं आणि महिन्याभरात सोल पुढून उघडतो. असे उघडलेले बूट आमच्याकडे दर पावसाळ्यात शिवायला यायचे. विचारलं, की कोणी चुलीजवळ, कोणी गिझरवर वाळवलेले असायचे.

घाईच असेल तर कोळसा. पण शेगडीचा नव्हे. मासे पाळायच्या काचपेटीत पाणी गाळायला जो ॲक्टिव्हेटेड कार्बन घालतात, तो मत्स्यालयाच्या दुकानात पुडीत मिळतो. त्याच्या कणाकणात इतकी बारीक छिद्रं असतात, की असली द्रव्यं तो धरून ठेवतो. दोन जुन्या सुती मोज्यांत दोन-दोन मुठी भरा, गाठ मारा, एकेका बुटात ठेवा आणि रात्री खोकं झाकून ठेवा. सकाळी परत पंख्याखाली. दिवसा वारा, रात्री कोळसा, असं तीन रात्री करून बघा. शेगडीच्या कोळशानेही थोडा फरक पडतो, पण त्याची काजळी पांढऱ्या मोज्यांना लागते.

आठवड्यानंतरही वास तसाच असेल, किंवा सुखतळ्याखाली बोट लावल्यावर चिकट लागत असेल, तर पावती घेऊन दुकानात जा. तो बूट नीट बनलेलाच नाही. तोपर्यंत मुलीला जुने बूट किंवा सँडल घालू द्या, आणि वर्गशिक्षकांना दोन ओळींची चिठ्ठी द्या. शिक्षक समजून घेतात. गणवेशाच्या बुटांवरून मुलीला वर्गाबाहेर उभं राहावं लागू नये, म्हणून ही चिठ्ठी पहिल्याच दिवशी द्या.

आणखी एक गोष्ट. चार दिवसांच्या वासाने घरच्यांना कायमचं काही होत नाही. पण ज्या खोलीत दिवसभर सोल्युशन लावलं जातं, तिथल्या माणसांचा विचार मी कायम करते. हेक्झेनमुळे चप्पल-बूट बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्याच्या नोंदी जपान आणि इटलीतून आहेत. तुमच्या कोपऱ्यावरचा बूट शिवणारा माणूस बंद टपरीत बसून हे काम करत असेल, तर दार उघडं ठेवा असं त्याला जरूर सांगा.

प्रश्न : मुलाच्या लग्नासाठी कराडमध्येच कोल्हापुरी चप्पल घेतली. तिला कातड्याचा फार वास येतो. हळदीला बारा दिवस आहेत. भाऊ म्हणतो रात्रभर पाण्यात भिजव. शेजारी म्हणतात रॉकेल पूस. नणंद म्हणते, कोल्हापूरला न जाता कराडला घेतलीस म्हणून नकली मिळाली. काय करू?
— एक वरमाय, कराड

उत्तर : नणंदेचं आधी सांगते, कारण हे माझ्या माहेरचं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. कराडच्या कारागिराने रीतीप्रमाणे शिवलेली चप्पल कोल्हापुरीच आहे.

उलट कातड्याचा वास येतोय हे लक्षण चांगलं आहे. रेक्झिनचे पट्टे आणि आत पुठ्ठा घातलेल्या चपलेला सोल्युशनचा वास येतो. खऱ्या कोल्हापुरीचा तळ वादीने, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीने, शिवतात, त्यात खिळा नसतो. तिचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. कातड्याची पिशवी शिवून तिच्यातच ते पाणी भरून टांगून ठेवायची जुनी रीत आहे. त्या सालीचा, हिरड्याचा आणि तेलाचा मिळून एक वास कातड्यात मुरतो. पावसाने भिजलेल्या झाडाच्या खोडाजवळ नाक नेलं तर येतो ना, साधारण तसा. माझ्या वडिलांच्या सदऱ्याला कायम तोच वास असायचा. दुकानात कोल्हापुरीचा नवा माल आला की मी अजूनही एक चप्पल नाकाशी धरायची, पण ते माझं झालं. लग्नघरात सगळ्यांना तो आवडावा असं नाही.

आता बघायचं ते एवढंच, की वास कमावलेल्या कातड्याचा आहे की कच्च्या कातड्याचा. वडील कातडं घेताना कापलेली कड उजेडात धरायचे, अंगठ्याने वाकवायचे आणि नखाने दाबायचे. कडेचा रंग वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी दिसला तर घ्यायचे. मधोमध फिकट पांढुरकी रेघ दिसली तर तो तुकडा बाजूला ठेवायचे. सालीचं पाणी मधपर्यंत पोचलेलंच नसतं, तेवढा भाग कच्चा राहतो आणि ओल लागली की सडू लागतो. तुमच्या चपलेच्या टाचेची कड बघा. रेघ असेल आणि वास सडका, खाटकाच्या दुकानासारखा असेल, तर तो कशानेही जाणार नाही. आजच बदलून घ्या. बारा दिवसांत दुसरी आरामात मिळेल.

रेघ नसेल तर चप्पल सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सुपात किंवा टोपलीत ठेवा आणि रोज उलटसुलट करा. ऊन नको. उन्हाने बाजूचे कान कडक होतात आणि पट्ट्यावरची वेणी तडकते. दोन-तीन दिवसांनी सुती फडक्यावर एरंडेलाचे चार थेंब घेऊन पट्टा, कान आणि अंगठ्यावरून हलका हात फिरवा. चारच थेंब. प्रेमाने वाटीभर तेल चोपडणारी माणसं मी पाहिली आहेत. महिन्याभराने त्या चपलेला तेलाचाच खवट वास येतो आणि वर धूळ बसते ती वेगळीच. रोज संध्याकाळी मुलाला अर्धा तास घरात चप्पल घालून फिरू द्या. चप्पल पायाला सैलावेल, लग्नाच्या दिवशी चावणार नाही आणि वासही उतरेल.

पाण्यात अजिबात भिजवू नका. असं कातडं पाणी पिऊन फुगतं, तळाचे थर सुटतात, वाळल्यावर लाकडासारखं कडक होतं आणि सालीचा रंग सुटून पाय तपकिरी होतात. लग्नातल्या फोटोत ते पाय दिसतील. रॉकेलने कातड्यातलं तेल निघून जातं, वास दुप्पट होतो आणि हळदीच्या घरात दिवे, समया, शेगड्या पेटलेल्या असतात. रॉकेलची बाटली तिथे नकोच.

प्रश्न : यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे, पहिल्यांदाच. त्यासाठी महागाचे बूट घेतले, पण त्यांना गोडसर, औषधासारखा वास येतो. मित्र म्हणतो, वॉशिंग मशीनमध्ये टाक नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेव.
— एक धावपटू, सातारा

उत्तर : ही शर्यत २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून यवतेश्वरच्या चढावर पहाटे पळणारी पोरं-पोरी मी बघते आहे. तुला शाबासकी.

हा वास सोल्युशनचा कमी आणि फोमचा जास्त असणार. पळायच्या बुटाच्या तळाचा जाड पांढरा थर बहुतेक वेळा ई.व्ही.ए. नावाच्या फोमचा असतो. तो घट्ट व्हावा म्हणून त्यात जे पेरॉक्साइड घालतात, ते तुटून ॲसिटोफेनोन नावाचं गोडसर वासाचं द्रव्य मागे राहतं. उघड्या वाऱ्यात ते आठवड्या-दोन आठवड्यांत बरंचसं उडून जातं. आत चिकटवलेलं सोल्युशन असतं त्याचाही वास त्यात मिसळतो, तोही त्याच वाऱ्याने जातो. सुखतळा काढ, नाडी सैल कर आणि पंख्याखाली ठेव. जाळीच्या कापडातून वारा आरपार जातो, त्यामुळे हे काम शाळेच्या बुटापेक्षा सोपं आहे.

डॅशबोर्डवर मात्र मुळीच ठेवू नकोस. ई.व्ही.ए. उष्णतेने आक्रसतो. बंद गाडीत उन्हात राहिलेल्या फोमच्या चपला एक नंबर लहान होऊन परत आलेल्या मी स्वतः मोजल्या आहेत. मशीनही नको, त्यात सोल्युशनचे जोड सुटतात. मळले तर साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून हाताने पूस.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात हे बूट पहिल्यांदा पायात घालू नकोस. आत्तापासूनच सरावाला घाल. पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर ते भिजणारच. आल्या आल्या सुखतळा काढून वेगळा ठेव आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे घाल. तासाभराने बोळे ओले झाले की बदल. इथे कागद हवाच, कारण घालवायची आहे ती ओल. आणि दोन जोड आलटून पालटून वापर. ओल्या बुटात रोज पाय घातला तर नव्या फोमचा वास जाईपर्यंत घामाचा वास येऊन बसलेला असेल.

प्रश्न : नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी चालताना पीं-पीं वाजणारे बूट आणले. प्लॅस्टिकचा वास येत होता म्हणून डांबरगोळ्या घातलेल्या पेटीत पंधरा दिवस ठेवले. आता दोन्ही वास येतात.
— एक आजी, मेढा

उत्तर : आजी, तुमची माया कळते, पण हे बूट बाळाला घालू नका. डांबरगोळ्या बऱ्याचदा नॅप्थलिनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थलिनच्या वाफेने फुटू शकतात, बाळ पिवळं पडतं. घरात कुणालाच ठाऊक नसतं, की आपल्या बाळाला ती कमतरता आहे. म्हणून बाळाचे कपडे, दुपटी, बूट, काहीही डांबरगोळ्यांत ठेवायचं नाही. आतापर्यंत ठेवलेले कपडे दोनदा धुऊन उन्हात घाला, मगच वापरा.

प्लॅस्टिकचा वासही या बुटांत लवकर जात नाही. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं आतून हळूहळू महिनोन्महिने बाहेर येत राहतात. वर्षाचं बाळ बूट तोंडात घालतंच. बूट परत करा आणि मऊ कापडी, पातळ तळाचे घ्या. खरं तर घरात बाळाने अनवाणीच चालावं, पाय घट्ट होतात.

प्रश्न : मी एस.टी.त वाहक आहे. दहा-बारा तास पायात बूट. तीन आठवड्यांपूर्वी नवे घेतले, पहिल्या आठवड्यात नव्याचा वास होता, आता घामाचा आंबूस वास येतो. बोटांच्या बेचक्यांत कातडीही निघते, आणि पायाच्या वरच्या बाजूला खाज येऊन लाल झालंय. बायको बूट जिन्यात ठेवते. माझी साखरही थोडी वाढलेली आहे.
— एक वाहक, वाई

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात चार गोष्टी आहेत आणि त्यांना चार वेगळे उपाय आहेत. शेवटचं आधी घ्या. साखर वाढलेली असताना बोटांच्या बेचक्यांत कातडी निघत असेल, तर डॉक्टरांना पाय दाखवा. या आठवड्यात दाखवा. चिखल्या साध्या वाटतात, पण मधुमेहात त्या भेगेतून जंतू आत शिरतात आणि पाय सुजतो. डॉक्टर मलम देतील ते पूर्ण दिवस लावा, खाज थांबली म्हणून मधेच सोडू नका.

वरच्या बाजूची लाली ही बहुधा ॲलर्जी. कातडं कमावताना वापरलेलं क्रोमियम, रबरातलं एक रसायन किंवा सोल्युशनमधली राळ, यांतलं काहीतरी तुमच्या त्वचेला सोसत नसणार. वास गेला तरी ही ॲलर्जी जात नाही. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर छोट्या पट्ट्या लावून नेमकं काय ते शोधतात, मग त्या वस्तूचा बूट टाळता येतो. खोक्यात जी छोटी पुडी होती, तिच्यावर सिलिका जेल लिहिलेलं होतं का? ते निरुपद्रवी असतं, ओल शोषतं. पण नाव नसलेल्या पुडीत बुरशी मारायची भुकटी असू शकते. अशाच एका द्रव्याने, डायमिथाइल फ्युमरेटने, युरोपात लोकांचे पाय पोळले होते आणि २००९ मध्ये तिथे त्याच्यावर बंदी आली. बिननावाची पुडी दिसली की फेकून द्या आणि बूट आतून ओल्या फडक्याने पुसून वाळवा.

आता वास. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. दोन्ही तळव्यांवर मिळून लाखो घामाच्या ग्रंथी आहेत. बंद बुटात तो घाम साचतो, त्वचेवरचे जिवाणू त्यातलं ल्युसिन नावाचं द्रव्य खाऊन आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात. तोच तो आंबूस वास. जुन्या बुटातले जिवाणू पायावरून नव्या बुटात जातात, म्हणून नवा जोडही तीन आठवड्यांत तसाच होतो. इथे खायचा सोडा खरंच उपयोगी आहे. पण कातडी बुटात मोकळा टाकू नका, कातडं कोरडं पडतं आणि शिवणीत पांढरं राहतं. पातळ सुती कापडात दोन चमचे बांधून पुरचुंडी करा, रात्री ठेवा, सकाळी काढा.

बूट दोन जोड हवेत. माहीत आहे, पगारात ते जड जातं. पण एकाच जोडाला वाळायला पूर्ण दिवस मिळाला नाही, तर कुठलाही उपाय टिकत नाही. एक आड एक दिवस घातलेले दोन जोड, एकामागून एक घेतलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त दिवस टिकतात, हे मी गिऱ्हाइकांच्या पायांवरून सांगते. मोजे सुती, आणि पिशवीत एक जास्तीचा जोड ठेवा. दुपारी डेपोत जेवायला बसाल तेव्हा बूट काढा, पाय पुसा, मोजे बदला. नुसत्या या दहा मिनिटांनी संध्याकाळच्या वासात फरक पडतो.

तुरटीचं पाणी घामाला आवर घालतं. न्हाव्याकडे असतो तो खडा. एरवी मी कोमट पाण्यात खडा फिरवून दहा मिनिटं पाय बुडवायला सांगते. तुम्ही मात्र बेचक्यांतली कातडी बरी झाल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय बुडवून बसू नका. साखर असलेल्या माणसाने पाण्याची ऊब पायाने अजमावू नये, कोपराने बघावी. तळव्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील तर तेही डॉक्टरांना त्याच वेळी दाखवा. तोही जिवाणूंचाच विकार आहे, मलमाने जातो.

आणि वहिनींना सांगा, बूट जिन्यात ठेवले ते बरंच आहे, तिथे वारा असतो. फक्त तोंड भिंतीकडे नको, वाऱ्याकडे करून ठेवायचे.